चपळाईचें रिंगण

कुत्रा हा प्राणी माणसाच्या घरीं हजारों वर्षें नांदत आला आहे. परंतु आपल्या भाषेनें त्यास मोठासा मान दिलेला नाहीं. त्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, असें आपण म्हणतों; आणि एखाद्याची दैना सांगावयाची झाल्यास 'कुत्र्याचे हाल' हेच शब्द ओठांवर येतात. पवित्र शास्त्रांतही त्याचा उल्लेख बहुधा तुच्छतेनेंच आलेला आहे. मात्र श्रीमंताच्या दारीं पडलेल्या लाजाराचे फोड चाटावयास आले ते कुत्रेच होते, आणि धर्मराजानें स्वर्गाच्या दारीं ज्यास टाकून आंत जाण्याचें नाकारिलें तोही कुत्राच होता, ही गोष्ट आपण सहसा आठवीत नाहीं. गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्हांस इंग्लंडांत जाण्याचा योग आला, आणि तेथें एका शनिवारीं व रविवारीं कुत्र्यांच्या चपळाईचे सामने पाहावयास मिळाले. नळींतून शेंपटासकट सरळ व वेगानें बाहेर पडणारीं शेंकडों कुत्रीं आम्हीं त्या दोन दिवसांत पाहिलीं. त्यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आवडेल अशा समजुतीनें हे चार शब्द लिहीत आहों.

या खेळास इंग्रजींत 'अ‍ॅजिलिटी' म्हणतात. चपळाई हा आपला शब्द त्यास अगदीं शोभतो. खेळाचें वय फार नाहीं. चार्ल्स क्रफ्ट नांवाच्या गृहस्थांनीं १८९१ सालीं लंडन शहरीं आपल्या नांवाचें कुत्र्यांचें प्रदर्शन प्रथम भरविलें, व तें प्रदर्शन त्यांच्या मागेंही चालत आलें आहे. १९७८ सालीं तें ऑलिंपिया येथील मोठ्या सभागृहांत भरलें असतां मुख्य रिंगणांतील दोन कार्यक्रमांच्या मध्यें कांहीं वेळ रिकामा राहत होता. प्रेक्षकांस तेवढा वेळ कंटाळा येऊं नये म्हणून प्रदर्शनाच्या समितींतील जॉन व्हार्ली यांनीं पीटर मीनवेल या कुत्र्यांच्या शिक्षकाची मदत घेतली. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यती इंग्लंडांत पूर्वींपासून लोकप्रिय आहेत. त्यांचेंच रूप घेऊन कुत्र्यांसाठीं लहान अडथळे तयार करण्यांत आले, आणि चार-चार कुत्र्यांच्या दोन तुकड्या रिंगणांत उतरल्या. लोकांस तो प्रकार इतका आवडला कीं, १९८० सालीं तेथील केनेल क्लबानें खेळाचे नियम ठरवून त्यास मान्यता दिली, आणि १९९६ पासून तर त्याचे जागतिक सामनेही होऊं लागले. वेळ भरून काढण्यासाठीं केलेली करमणूक अशा रीतीनें अनेक देशांत पसरली.

खेळाची मांडणी सोपी आहे. हिरवळीवर दोरीनें आंखलेल्या रिंगणांत पंच अठरा-वीस अडथळे आपल्या कल्पनेनें मांडतो व त्यांस अनुक्रमांक लावितो. आडव्या दांड्यांवरून उडी घ्यावयाची असते. कापडी बोगद्यांतून जावयाचें असतें. एका रांगेंत सुमारें ६० सेंटिमीटर अंतरानें रोंवलेल्या बारा काठ्यांमधून सापासारखें नागमोडी निघावयाचें असतें. घराच्या पाख्यांप्रमाणें एकमेकांस टेकवून उभ्या केलेल्या दोन रुंद फळ्या चढून उतरावयाच्या असतात, जेमतेम एक फूट रुंदीच्या उंच पुलावरून चालावयाचें असतें, आणि शेवटीं सर्वांत बिकट असा सी-सॉ असतो. या चढण्याच्या तिन्ही साधनांच्या टोंकांचा भाग वेगळ्या रंगानें रंगविलेला असतो व उतरतांना त्या रंगावर कुत्र्याचा पंजा पडलाच पाहिजे. दांडी पडली किंवा रंग चुकला तर पांच दोष. कुत्रें अडथळ्यापाशीं अडलें तर पांच दोष. तिसऱ्यांदा अडलें किंवा क्रम चुकला तर बाद. ज्याचे दोष कमी त्याचा क्रमांक वर. दोष सारखे झाल्यास ज्यास वेळ कमी लागला तो पुढें.

या खेळांतील तीन नियम आम्हांस विशेष आवडले. पहिला असा कीं, फेरी चालूं असतां मालकानें कुत्र्यास हात लावावयाचा नाहीं, व खाऊ किंवा चेंडू दाखवून त्यास भुलवावयाचें नाहीं. दुसरा असा कीं, अठरा महिन्यांच्या आंतील पिल्लास सामन्यांत उतरवितां येत नाहीं, कारण कोंवळ्या हाडांस उड्यांनीं इजा होते. आणि तिसरा असा कीं, येथें कुळाची चौकशी नाहीं. रूपाच्या प्रदर्शनांत वंशावळ लागते. चपळाईच्या रिंगणांत मिश्र जातीच्या कुत्र्यासही तेवढाच मान. फक्त उंची मोजून त्यांचे वर्ग पाडितात, म्हणजे ठेंगण्या कुत्र्यास उंच्यापुऱ्याशीं झुंजावें लागत नाहीं. ४३ ते ५० सेंटिमीटर उंचीच्या मधल्या वर्गास ५० सेंटिमीटरवर दांडी लावितात. शिवाय शाळेप्रमाणें एकपासून सातपर्यंत इयत्ता असतात, आणि पहिला क्रमांक मिळवून किंवा निर्दोष फेऱ्यांचे गुण सांठवून वरच्या इयत्तेंत चढतां येतें.

आतां आम्ही त्या रिंगणापर्यंत कसे पोहोंचलों तें सांगतों. आमची धाकटी बहीण व मेहुणे कांहीं वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त लेस्टर शहरीं जाऊन राहिलीं आहेत. बहीण रुग्णालयांत परिचारिका आहे. मेहुणे एका कारखान्यांत हिशेब पाहतात. त्यांची एकुलती एक कन्या तेरा वर्षांची आहे. देश सुटला, भाषा बदलली, मैत्रिणी दूर राहिल्या, यामुळें नव्या शाळेंत पहिलें वर्षभर ही मुलगी वर्गांत तोंडच उघडीत नसे. तेव्हां बहिणीनें निराधार कुत्र्यांच्या आश्रयगृहांतून एक काळापांढरा मिश्र जातीचा कुत्रा घरीं आणला. आमच्या आजोळच्या कुत्र्याचें नांव मोती होतें, म्हणून हाही मोती झाला. हा मोती केरसुणी दिसली कीं पलंगाखालीं शिरे, आणि जड बुटांचा आवाज आला कीं कांपूं लागे. एक घाबरलेली मुलगी आणि एक घाबरलेला कुत्रा अशीं दोघें गांवांतील चपळाईच्या वर्गास आठवड्यांतून दोन संध्याकाळीं जाऊं लागलीं. तेथें तीस मोठ्यानें बोलावें लागे, कारण मोती दूर असे. आणि त्यास तिच्याकडे पाहावें लागे, कारण पुढची वाट तीच दाखवी. दोन वर्षांत दोघांची भीड बरीच चेपली.

मेहुण्यांचें मत मात्र निराळें होतें. "कुत्र्यास पळवून कोणाचें पोट भरलें आहे?" असें ते आम्हांस म्हणाले. त्यांच्या तक्रारींत तथ्य नव्हतें असें नाहीं. वर्गाची फी पडे, अभ्यासाच्या संध्याकाळी जात, आणि सामने शनिवारी-रविवारीं असल्यामुळें प्रभूच्या दिवसाची उपासना चुके. शेवटीं त्यांनीं असें ठरविलें कीं, या वेळच्या सामन्यांत मोती वरच्या इयत्तेंत चढला तर वर्ग पुढें चालूं ठेवावा. न चढल्यास जूनपासून बंद करावा. इयत्ता चढण्यास चढण्याच्या साधनांसह एका निर्दोष फेरीची उणीव होती. भाचीनें ती अट मुकाट्यानें कबूल केली.

शनिवारीं पहांटेच निघून आम्ही तासाभराच्या वाटेवरील एका मोठ्या कुरणांत पोहोंचलों. तेथें जणूं एक गांवच वसलें होतें. तंबू होते, चाकांवरचीं घरें होतीं, चहाचीं दुकानें होतीं, आणि जिकडेतिकडे कुत्रीं होतीं. पहिली मौज पाहिली ती फेरीपूर्वींच्या पाहणीची. सामना सुरू होण्याआधीं मालकांस कुत्र्यावांचून रिंगणांत जाऊन वाट पाठ करण्यासाठीं थोडा वेळ देतात. त्या वेळीं चांगले पोक्त गृहस्थ, पिकल्या केंसांच्या आजी, आणि आमच्या भाचीएवढ्या मुली असे पन्नासएक लोक एकाच रिंगणांत हातवारे करीत, गिरक्या घेत आणि नसलेल्या कुत्र्याशीं बोलत चालले होते. बाहेरचा कोणी आला असता तर त्यास हें वेड्यांचें इस्पितळ वाटलें असतें! परंतु प्रत्येकाचें मन पूर्ण एकाग्र होतें. कारण एकदां शिटी झाल्यावर नकाशा पाहावयास सवड नसते, चाळीस सेकंदांत सर्व आटोपतें.

भाचीनें आम्हांस एक गोष्ट समजावून दिली, ती शिक्षकाच्या नात्यानें आमच्या चांगली ध्यानांत राहिली. ती म्हणाली, "मामा, मोती माझे शब्द नंतर ऐकतो, आधीं माझे पाय पाहतो." पुढें आम्ही नीट पाहूं लागलों तों खरेंच तसें दिसलें. मालक तोंडानें 'बोगदा' असें ओरडतो, पण त्याच्या पावलाचें टोंक व खांदा जर उडीकडे वळलेला असेल, तर कुत्रें उडीच मारतें. माणसानें बोटानें दाखविलेली दिशा ओळखण्याचें काम कुत्रीं वानरांपेक्षांही सहज करितात असें शास्त्रज्ञांनीं प्रयोगांनीं दाखविलें आहे. त्यामुळें तेथील जुने खेळाडू फेरी बिघडली म्हणजे कुत्र्यास दोष देत नाहींत. आपलें पाऊल कोठें होतें तें आठवूं लागतात.

शनिवारीं पहिली फेरी केवळ उड्यांची, बोगद्यांची व काठ्यांची होती. ध्वनिक्षेपकावरील बाईंनीं 'मॉटी' असा पुकारा केला, आणि आमचा मोती बाणासारखा सुटला. बारा काठ्यांमधून तो असा निघाला कीं एखादी शाळकरी पोर दोरीवरच्या उड्या मारीत चालली आहे. फेरी निर्दोष झाली, पांचवा क्रमांक आला, आणि रिबिनीचें एक हिरवें फूल मिळालें. परंतु इयत्तेसाठीं लागणारी फेरी ही नव्हे. ती रविवारीं होती, आणि तींत सी-सॉ होता.

सी-सॉची गोष्ट अशी आहे. ही सुमारें बारा फूट लांबीची फळी मधोमध आंसावर तोललेली असते. कुत्रें चढत मधल्यापुढें गेलें कीं त्याच्या भारानें फळी खालीं येते, व ती जमिनीस टेंकल्याशिवाय त्यानें उतरावयाचें नसतें. म्हणजे पायाखालची जमीन हलते आहे हें कळत असूनही त्यानें धीर धरून उभें राहावयाचें असतें. मागील हिंवाळ्यांत सरावाच्या वेळीं फळी जोरानें आपटली आणि मोती घसरून पडला होता. तेव्हांपासून तो कधीं चढे, कधीं न चढे. त्या दिवशीं शेजारच्या रिंगणांतील फळीचा धप्प असा आवाज झाला कीं त्याचे कान मागें जात, हें आम्हांस दुरूनही दिसत होतें.

रविवारीं पहांटे मेहुण्यांनीं तंबूपुढें उपासना घेतली. एक मराठी भजन झालें, शास्त्रवाचन झालें, प्रार्थना झाली. शेजारच्या तंबूंतील एक वृद्ध जोडपें आपलीं दोन कुत्रीं घेऊन दूर उभें राहिलें. भाषा त्यांस समजत नव्हती. तरी 'आमेन' मात्र त्यांनीं आमच्याबरोबर म्हटलें. नंतर पाऊस लागला. दुपारीं भाचीची पाळी आली तेव्हां हिरवळ भिजली होती आणि फळ्याही ओल्या होत्या.

रिंगणांत एकंदर अठरा अडथळे होते, सी-सॉ चवदावा. पहिले तेरा मोतीनें निर्दोष पार केले. रंगावर पंजे नीट पडले, दांडी एकही हलली नाहीं. आमच्याशेजारीं मेहुणे हातांत घड्याळ धरून उभे होते. ठरविलेल्या वेळांतील दहा-बारा सेकंद अजून हातीं आहेत असें ते पुटपुटले. मोती फळीवर चढला. तीन पावलें गेला. त्याच क्षणीं पलीकडच्या रिंगणांत फळी आपटली. मोती जागींच बसका झाला, त्याचें पोट फळीस लागलें, आणि पाय कांपूं लागले.

आतां नियम असा कीं, कुत्रें फळीवर आहे तोंवर दोष लागत नाहीं. केवळ वेळ जातो. भाचीनें दरडावून एक शब्द उच्चारिला असता तर मोती पुढें गेला असता. तिच्या शब्दावर तो काय वाटेल तें करील हें आम्ही दोन दिवस पाहत होतों. तीस हेंही ठाऊक होतें कीं या एका फळीपलीकडे इयत्ता आहे, आणि इयत्तेपलीकडे जूनचा वर्ग आहे. तिनें वळून एकदां आपल्या वडिलांकडे पाहिलें. मग ती ओल्या गवतांत गुडघा टेकून बसली आणि हलक्या आवाजांत म्हणाली, "ये, मोती." मोती पावलें मागें घेत खालीं उतरला. ती उठली, सी-सॉ बाजूस ठेवून पंधराव्या उडीकडे धांवत गेली, आणि मोतीही उड्या मारीत तिच्यामागें गेला. पंचांनीं बाद झाल्याची खूण केली. त्या दोघांनीं उरलेले चारही अडथळे मोठ्या आनंदानें पार केले, आणि शेवटीं तिनें मोतीस शाबासकी दिली ती शनिवारच्या फुलाच्या वेळीं दिली होती तेवढीच.

मेहुणे बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. भाची पट्टा लावून आल्यावर त्यांनीं विचारिलें, "तूं जरा जोरानें बोलली असतीस तर तो गेला असता कीं नाहीं?"

"गेला असता, पप्पा."

"मग कां बोलली नाहींस?"

"तो माझ्या शब्दावर गेला असता आणि फळी आपटली असती. मग पुढच्या वेळीं त्यानें माझा शब्द कां ऐकावा?"

यावर मेहुण्यांनीं उत्तर दिलें नाहीं. इतक्यांत रिंगणाच्या व्यवस्थापक बाई मदतनीस शोधीत आल्या. या सामन्यांचें सारें काम हौशी माणसेंच करितात. कोणी दोष लिहून घेतो, कोणी पट्टा आरंभापासून शेवटच्या टोंकास नेऊन ठेवितो, कोणी पडलेल्या दांड्या पुन्हा लावितो. दांड्या लावणारा एक मनुष्य कमी पडत होता. मेहुण्यांनीं कोटाची कॉलर वर केली व ते पावसांत रिंगणाच्या कोपऱ्यांतील खुर्चीवर जाऊन बसले. तासाभरानें परत आले ते हिशेबनिसाच्या संवयीनें आंकडे घेऊनच आले. "अठ्ठेचाळीस कुत्रीं झालीं," ते म्हणाले, "त्यांत निर्दोष अकरा. पण बाकीच्या सदतिसांपैकीं एकाही मालकानें कुत्र्यावर हात उगारला नाहीं. बाद झालेलेही त्यास थोपटीतच बाहेर पडले." थोडें थांबून त्यांनीं विचारिलें, "ती फळी नेमकी किती लांब असते?"

सोमवारीं कारखान्यांतून येतांना ते लांकडाची एक फळी घेऊन आले. परसांत दोन विटांवर मधोमध एक गोल दांडा ठेवून त्यांनीं ती बसविली. इतकी ठेंगणी कीं तिचें टोंक वीतभरच उंच राही. मोती चढे, आणि फळी कलूं लागली कीं मेहुणे आपला तळहात टोंकाखालीं धरून ती सावकाश, कांहींएक आवाज न होऊं देतां, जमिनीवर टेंकवीत. भाची पुढें बसून मोतीस बोलावी. पहिल्या दिवशीं तो एकदांच आला. ज्या माणसाच्या बुटांचा आवाज ऐकून तो पलंगाखालीं पळत असे, त्याच माणसाचा हात त्या फळीखालीं होता, हें आम्ही खिडकींतून रोज पाहत होतों. दुसऱ्या आठवड्यांत हाताच्या जागीं जुनी उशी आली. आम्ही निघालों तेव्हां विटा दोनांच्या चार झाल्या होत्या. खऱ्या उंचीवर मोती अजून चढत नव्हता. जूनचा वर्ग बंद करण्याची गोष्ट मात्र घरांत पुन्हा निघाली नाहीं, आणि वर्गाची फी कोणी भरली हेंही कोणी विचारिलें नाहीं.

परीक्षांचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या शाळेंतही कांहीं मुलें फळीवर चढून मध्येंच बसकीं होतात. गणिताचा पेपर हातीं पडतांच ज्यांचे हात कांपतात अशीं मुलें प्रत्येक वर्गांत आहेत, आणि तीं आळशी नव्हत. बालमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणास अशी भीति वाटत असेल तर ती घरीं व शाळेंत मोकळेपणानें सांगा. हलत्या फळीची भीति वाटणें यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आणि पालकहो, एका दरडावणीनें मूल एखादी इयत्ता चढेलही. परंतु त्यास पुढें आणखी पुष्कळ फळ्या ओलांडावयाच्या आहेत. आपल्या परसांत वीतभर उंचीची एक फळी मांडून तिच्याखालीं थोडे दिवस हात धरितां आला तर अवश्य धरावा. त्यास दोन विटा आणि रोजची अर्धी घटका पुरते.